घाट चढताना बंद, दहा मिनिटांनी चालू: फ्युएल पंप तपासणं आणि खरंच गेला असेल तर बदलणं

शनिवारी संध्याकाळी कंपनी सुटली की पुण्याहून साताऱ्याला निघायचं, हे माझं गेली सात वर्षं ठरलेलं आहे. मागच्या उन्हाळ्यात या प्रवासात एक नवीन थांबा वाढला. शिरवळ मागं पडायचं, खंबाटकी घाट सुरू व्हायचा आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर माझी मोटरसायकल एक झटका द्यायची. मग दुसरा. मग अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळला तरी पुढं सरकायला तयार नाही, आणि शेवटी धाप लागल्यासारखी बंद. कडेला घ्यायची, हेल्मेट काढायचं, ट्रकचे हॉर्न ऐकत उभं राहायचं. दहा मिनिटांनी सेल्फ मारला की पहिल्या फटक्यात चालू.

सोमवारी पहाटे परत येताना मात्र एकदाही बंद पडली नाही. या रस्त्यावरच्या माणसांना कारण लगेच कळेल: तेव्हा साताऱ्याकडं जाताना घाट चढावा लागायचा, पुण्याकडं येताना बोगदा होता, आणि वर पहाटेचा गारवा. मला तेव्हा हे सुचलं नाही. आई म्हणाली, "गाडीलासुद्धा घरी यायचा कंटाळा आलाय."

गाडी २०२१ ची, बीएस-६, २०० सीसी, ३८ हजार किलोमीटर झालेली. मेक लिहीत नाही, कारण ही भानगड कुठल्याही एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत होऊ शकते.

आधी मी काय चूक केली ते सांगतो. गाडी वर्कशॉपला दिली. त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. चक्कर मारून पाहिली, गाडी उत्तम. "पंप वीक झालाय," असं निदान झालं आणि टाकीतला अख्खा पंप मॉड्यूल बदलला. मजुरीसकट ६,८०० रुपये. घरी फोनवर "गाडीचा पंप गेला" म्हणालो, तर आई म्हणते, "मग दुसऱ्या पंपावर भर की." तीन शनिवार गाडी सुरळीत. चौथ्या शनिवारी तेच वळण, तोच झटका.

हे तीन आठवडे का मिळाले, ते कळायला मला अजून दीड महिना लागला. सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती.

पंप करतो काय

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं झालं आणि आपल्याकडच्या बहुतेक दुचाक्यांचा कार्ब्युरेटर गेला. कार्ब्युरेटरला पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानं खाली यायचं. त्याच्या जागी आलेल्या, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला तसं चालत नाही, त्याला दाबानं पेट्रोल लागतं. म्हणून टाकीत एक छोटी डीसी मोटर बसली, तिच्या तोंडाला जाळी, पुढं बारीक फिल्टर, दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर आणि पेट्रोलचा काटा दाखवणारा फ्लोट. हे सगळं मिळून मॉड्यूल. मेस्त्री लोक त्याला नुसतं "मोटर" म्हणतात.

बऱ्याच गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो, म्हणजे साधारण ४३ पीएसआय. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. चावी ऑन केली की दोन-तीन सेकंद टाकीतून "झूंऽऽ" असा आवाज येतो, तो हा दाब तयार होण्याचा. मग ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पंप थांबवतो आणि इंजिन फिरायला लागलं की परत चालू करतो.

आता स्कॅनरमध्ये कोड का आला नाही? पंपाच्या सर्किटची वायर तुटली किंवा रिले गेला, तर बऱ्याच गाड्या पी-०२३० सारखा कोड दाखवतात. पण आपल्याकडच्या बहुतेक दुचाक्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. दाब ३ बारचा दीड बार झाला तरी ईसीयूला थेट कळायला मार्ग नाही. फार तर ऑक्सिजन सेन्सरवरून "मिश्रण पातळ झालंय" एवढं उशिरा कळेल. त्यामुळं "कोड नाही म्हणजे पंपच" हा तर्क जितका चुकीचा, तितकाच "कोड नाही म्हणजे पंप चांगला" हाही चुकीचा.

रस्त्यात बंद पडली त्या क्षणी

अशा दुखण्याचा वैताग हा की वर्कशॉपला नेईपर्यंत ते गेलेलं असतं. म्हणून गाडी बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं वाया घालवू नका. मी सहा वेळा घालवली.

आधी आठवा, बंद कशी पडली. झटके देत, ताकद कमी होत होत गेली, तर पेट्रोल कमी पडतंय. दिव्याचं बटण बंद करावं तशी एका क्षणात गेली, तर संशय इग्निशनवर. गरम झाल्यावर मरणारी पल्सर कॉइल म्हणजे क्रँक सेन्सर हीसुद्धा अगदी अशीच दहा मिनिटांनी शुद्धीवर येते, आणि तिच्यापायी कित्येक चांगले पंप भंगारात गेले असतील.

मग टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतोय. झाकणातलं हवेचं भोक धुळीनं बुजलेलं असतं, किंवा बीएस-६ गाड्यांत टाकीतली वाफ कॅनिस्टरकडं, म्हणजे ती शोषून घेणाऱ्या डब्याकडं नेणारी नळी कुठंतरी दुमडलेली असते. टाकी काढून बसवली की ती नळी चिमटली जाणं फार सोपं आहे. टँक कव्हर घातलेल्यांनी तर हे सगळ्यात आधी बघावं. माझ्या ओळखीच्या एकानं पंपावर पाच हजार घालवले आणि दुखणं कव्हरच्या रेक्झिनखाली होतं.

तिसरं, किल स्विच ऑन ठेवून चावी ऑफ-ऑन करा आणि टाकीला कान लावा. आवाज आहे का, आणि आहे तर रोजचाच आहे का? ओढल्यासारखा, खालच्या पट्टीतला आवाज म्हणजे पंपाला वीज कमी पोचतेय किंवा तो आतून जाम होतोय. किरकिरा, सुकल्यासारखा आवाज म्हणजे पेट्रोलच नाही किंवा जाळी बुजली. घरी चांगल्या परिस्थितीत हा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे रस्त्यात तुलना करता येते. मी हे केलं आणि फरक पहिल्यांदा कानालाच कळला: घाटात "झूं" ऐवजी "घूं" येत होता.

आवाज अजिबात नसेल तर फ्यूज, रिले, किल स्विच, गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर, या क्रमानं जा. शेजारचा तेवढ्याच अँपिअरचा हॉर्नचा फ्यूज काढून पंपाला लावून पाहणं दोन मिनिटांचं काम आहे.

आणि रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर ती आधी सोडा. या मोटरला थंड ठेवणारं आणि वंगण देणारं दुसरं काही नाही, टाकीतलं पेट्रोलच ते काम करतं. मे महिन्यात टाकीत लिटरभर पेट्रोल ठेवून घाट चढणं म्हणजे तिला उपाशीपोटी ओझं उचलायला लावणं.

घरी बसून तपासणी

मी भोसरीत पॅनेल वायरिंगचं काम करतो. दिवसभर हातात मल्टीमीटर. तरी स्वतःच्या गाडीला पहिला मीटर लावला तो ६,८०० रुपये घालवल्यावर.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी काही तास उभी असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.२. हे ठीक नसेल तर पुढं जाऊ नका.

मग पंपाचा कपलर, म्हणजे पंपाच्या वायरी गाडीच्या वायरिंगला जिथं जोडतात तो सॉकेट. बऱ्याच गाड्यांत तो टाकीखाली असतो, सीट काढून टाकी मागून थोडी उचलली की हाताला लागतो. त्यात सहसा चार वायर: दोन पंपाच्या, दोन फ्लोटच्या. पंपाच्या दोन जाड असतात. कुठली प्लस, कुठली अर्थ (मायनस) हे वायरिंग डायग्रामवरून बघा, अंदाजानं नको. काही मॉडेल्समध्ये ईसीयू अर्थच्या बाजूनं पंप चालू-बंद करतो.

इथं बहुतेक जण कपलर काढतात, हार्नेसच्या म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या बाजूला मीटर लावतात, चावी ऑन करतात, १२.४ व्होल्ट दिसतात आणि "करंट येतोय, म्हणजे पंप गेला" असं जाहीर करतात. माझ्या गाडीचं असंच झालं असणार. पण कपलर काढल्यावर वायरमधून करंट वाहतच नाही. वीसपैकी एकच तार धरून असलेली वायरसुद्धा तेव्हा मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते. भार टाकला की खरं काय ते कळतं.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. जुना ३५ वॅटचा हेडलाईट बल्ब घ्या. तो १२ व्होल्टवर जवळपास ३ अँपिअर ओढतो, म्हणजे अशा पंपाएवढाच. पंपाच्या जागी कपलरला हा बल्ब जोडा, चावी ऑन करा. दोन-तीन सेकंद बल्ब पांढराफटक पेटला तर वायरिंग बरी आहे. पिवळट, मरतुकडा पेटला तर पंपाला हात लावू नका, वायरिंग शोधा. कपलरच्या पिनेत जाड तार खुपसू नका. पिन फाकते आणि नसलेलं दुखणं तयार होतं.

याहून नेमकी चाचणी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते बघणं. कपलर जोडलेला, इंजिन चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं कपलरच्या मागच्या बाजूनं पंपाच्या अर्थ वायरला टेकवायचं. आदर्श स्थितीत शून्याजवळ आकडा यावा. मी ०.२ व्होल्टपर्यंत चालवून घेतो. तसंच प्लसच्या बाजूला: बॅटरी प्लस ते पंपाची प्लस. तिथं वाटेत फ्यूज, रिले, स्विच असतात, म्हणून अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक.

माझ्या गाडीत पार्किंगमध्ये थंड असताना प्लसला ०.३, अर्थला ०.६. अर्थचा आकडा जास्त होता, पण गाडी बंद पाडण्याएवढा नक्कीच नव्हता. म्हणजे परत घाटातच जाणं आलं.

दोन लांब पातळ वायरी काढल्या, एक बॅटरी मायनसवरून, एक कपलरच्या अर्थवरून, दोन्ही टाकीच्या कडेनं टेपनं चिकटवून मागं आणल्या. धाकट्या भावाला मागं बसवलं, त्याच्या हातात मीटर दिला आणि शनिवारची वाट न बघता रविवारी दुपारी दोन वाजता सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूनं खंबाटकी घाट धरला. तो मागून ओरडून आकडे सांगत होता. "दादा, झीरो पॉइंट नऊ... एक पॉइंट चार..." मी गिअर टाकतोय, ट्रक चुकवतोय. "एक पॉइंट नऊ... दोन पॉइंट चार." तेवढ्यात रस्त्याला एक खड्डा लागला, मागून आवाज आला, "अरे पाच गेला!" आणि गाडीनं झटका दिला.

त्या क्षणाला मला ६,८०० रुपये परत मिळाल्यासारखा आनंद झाला.

आता हिशोब बघा. पंप साधारण ३ अँपिअर ओढतो. २.४ व्होल्ट भागिले ३, म्हणजे ०.८ ओहम. एवढासा रोध. मीटरच्या कंटिन्युइटीवर लावला तर बझर मजेत वाजतो, कारण तो कित्येक ओहमपर्यंत वाजतोच, आणि ओहमवर मोजायला गेलं तर मीटरच्या स्वतःच्या वायरीच अर्धा ओहम दाखवू शकतात. पण त्या ०.८ ओहमवर वाया जाणारी शक्ती २.४ गुणिले ३, सात वॅटच्या वर. काडेपेटीच्या काडीपेक्षा बारीक पिनेत सात वॅटची उष्णता. पिन तापते, तापली की सैल होते, सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापते. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं, तेव्हाच पंपाला वीज कमी. दहा मिनिटं थांबलं की पिन गार होऊन परत घट्ट.

कपलर उघडला. हार्नेसच्या बाजूची अर्थची पिन तपकिरी पडलेली, आतली स्प्रिंगची जीभ ढिली, आणि भोवतालचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं पिवळं. बाकीच्या तीन पिना लख्ख. नवा पंप बसवताना कपलर काढून परत लावला गेला, घासला जाऊन पिनेवरचा थर थोडा निघाला, आणि त्या जोरावर तीन आठवडे गेले. श्रेय पंपाला मिळालं.

दुरुस्ती म्हणाल तर ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडून त्याच मापाचा कपलर आणि टर्मिनल आणले, जळका भाग दोन इंच मागून कापला, कारण तिथपर्यंत तांबं काळं पडलं होतं, नवीन टर्मिनल नीट क्रिंप केलं. नुसतं झाळ मारून जोडू नका. गाडीच्या थरथरीनं वायर झाळाच्या कडेला तुटते. खर्च ६० रुपये. नंतर घाटात अर्थचा ड्रॉप ०.०८.

जुना पंप मी वर्कशॉपकडून मागून घेतला होता, एवढीच काय ती अक्कल. आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींनी हौसेनं तो परत टाकीत बसवून गेज लावला. ४३ पीएसआय, काटा जागचा हलेना. मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत.

दाब मोजताना

वायरिंग बरी निघाली, टाकीची हवा बरी निघाली, तरच गेजकडं वळा. टाकीतून इंजेक्टरकडं जाणाऱ्या पाईपमध्ये टी जोडून गेज बसवायचा. गेज मेस्त्रीकडून तासाभरासाठी मिळतो, विकत घ्यायची गरज नाही.

पण त्याआधी लाईनमधला दाब सोडा, नाहीतर पाईप सुटताच पेट्रोलची पिचकारी डोळ्यात. पद्धत सोपी: पंपाचा कपलर किंवा फ्यूज काढायचा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यायचं, एकदा सेल्फ मारायचा, मग बॅटरीची मायनस काढायची आणि पाईपभोवती फडकं धरून सोडायचा. मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना. देवघरातली समई, गॅस गिझर, कुणाची तरी विडी, या सगळ्यांपासून लांब. बाजूला वाळूची बादली.

गेज लावून चावी ऑन केली की काटा एका दमात वर जाऊन थांबला पाहिजे. हळूहळू चढत असेल तर जाळी किंवा फिल्टर बुजलेला, किंवा पंप थकलेला. आयडलला बरोबर पण रेस दिल्यावर खाली येतो, याचा अर्थही तोच, पंप दाब देतोय पण माल पुरवत नाही. त्यासाठी मॅन्युअलमध्ये १० सेकंदांत किती मिलीलिटर पेट्रोल पडलं पाहिजे ते दिलेलं असतं, झाकणाच्या धातूच्या डब्यात घेऊन मोजता येतं. चावी बंद केल्यावर काटा मिनिटभरात शून्यावर आला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागं येऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. अशी गाडी सकाळी दोन-तीनदा सेल्फ मागते, घाटात बंद पडत नाही. दाब मॅन्युअलपेक्षा बराच जास्त असेल तर रेग्युलेटर अडकलाय.

आणि गाडी झटके देऊन बंद पडतेय, तरी गेज ४३ वर ठाम? मग पंपाचा विषय सोडा आणि प्लगची ठिणगी बघा.

खरंच गेलेला पंप

पंप कधी जातच नाही असं माझं म्हणणं नाही. गेल्या दिवाळीत मेढ्याच्या मामेभावाची गाडी बघितली. जून ते सप्टेंबर अंगणातल्या पत्र्याखाली उभी, टाकी पाव भरलेली, मेढ्याचा पाऊस. दसऱ्याला धुवायला काढली तर सेल्फ फिरतो, गाडी चालू नाही.

चावी ऑन, टाकीत शांतता. कपलरला बल्ब लावला, पांढराफटक. म्हणजे वीज दारापर्यंत येतेय. पंपाच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजला, मीटर कधी ४०, कधी काहीच नाही. चांगल्या मोटरला एक-दोन ओहमच्या घरात स्थिर आकडा येतो. टाकीला खालून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलके ठोकलं आणि पंप दोन सेकंद घुर्रकन फिरून परत गप्प. ब्रश संपले किंवा कम्युटेटरवर थर बसला. ठोकून चालू झालेल्या पंपावर प्रवासाला निघू नका. मामेभावाचा तोच बेत होता.

टाकीतून पेट्रोल काढलं तर तळाशी गढूळ थर वेगळा. इथं इथेनॉल आलं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरून ठेवतं, थोडं पाणी असेल तर मिसळून जळूनही जातं. पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि जड असल्यानं तळाला बसतं. पंपाची जाळीही तळालाच. चार महिने ती मोटर त्या पाण्यात उभी होती. गाडी लांब मुदतीसाठी ठेवायची तर टाकी गच्च भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. झाकणाच्या खोबणीतलं पावसाचं पाणी बाहेर काढणारी बारीक नळीही बघा. त्याच्या गाडीत ती कुंभारमाशीनं बंद केली होती.

बदलताना टाकी पूर्ण रिकामी करून गाडीवरून काढली आणि जुन्या गोधडीवर उलटी ठेवली. पंपाच्या प्लेटभोवती चार वर्षांची माती होती. ती आधी ब्रशनं, मग फडक्यानं काढली, मगच बोल्ट सोडले. उघडल्यावर साफ करायला गेलात तर सगळी माती टाकीत. प्लेट कुठल्या दिशेला होती त्याचा फोटो काढला. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे सोडले. पंप सरळ वर ओढायचा नाही, फ्लोटचा दांडा बाहेर यायला तिरका करून फिरवावा लागतो.

जुनी ओ-रिंग हातात आल्यावर फुगून मोठी झालेली दिसते, खोबणीत परत बसतच नाही. ती दाबून बसवायचा खटाटोप करू नका. नवीन घ्या, दरवेळी. टाकीच्या आत टॉर्च मारली, तळाला गंजाचे ठिपके होते. ताज्या पेट्रोलनं दोनदा खळखळून काढलं, कापडानं पुसलं, तासभर उन्हात उघडी ठेवली. गंज पापुद्रे धरण्याइतका असता तर नवीन पंप टाकण्यात अर्थ नव्हता. दोन महिन्यांत जाळी परत भरली असती.

बाजारात नुसती मोटर हजार-बाराशेत मिळते, अख्खा मॉड्यूल पाच-सहा हजारांत. जाळी, फिल्टर आणि रेग्युलेटर बरे असतील आणि हात स्थिर असेल तर नुसती मोटर बदलता येते. इथं फिल्टरच तपकिरी झाला होता, म्हणून पूर्ण मॉड्यूल घेतला. बॅटरीला थेट जोडून कोरडा फिरवून बघायचा मोह दुकानातच होतो. तो टाळा. पेट्रोलशिवाय फिरला की आतला भाग घासतो, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडली तर काय होतं ते सांगायला नको.

बसवताना ओ-रिंगला पेट्रोलचं बोट फिरवलं, प्लेट बसवली, बोल्ट आधी हातानं, मग समोरासमोर थोडेथोडे. हे बोल्ट लहान असतात, मॅन्युअलमधला टॉर्क बघा. जोर केला की टाकीचा आटा जातो. पाईपचा क्लिप "टक" वाजल्याशिवाय सोडला नाही, वर ओढूनही बघितला. पाच लिटर पेट्रोल टाकलं, चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ केली, दर वेळी पंप थांबेपर्यंत वाट बघत, म्हणजे रिकामी लाईन भरते. प्लेटच्या कडेनं कोरडा टिश्यू फिरवला. कोरडाच. सेल्फ मारला, दुसऱ्या फटक्याला चालू. गरम झाल्यावर टिश्यू परत फिरवला, आणि टाकी पूर्ण भरून तिसऱ्यांदा, कारण काही गळती पेट्रोलचं वजन पडल्यावरच दिसते.

मामेभाऊ खूश होऊन साताऱ्याला फेरी मारून आला. संध्याकाळी त्याचा फोन: "दादा, साठ किलोमीटर झाले, काटा फुल्लवरच आहे. गाडी पाण्यावर चालायला लागली काय?" पंप आत घालताना फ्लोटचा दांडा मीच वाकवला होता. परत टाकी रिकामी, परत गोधडी, परत सगळे बोल्ट, आणि आठ तासांपूर्वी बसवलेली ओ-रिंगसुद्धा परत नवीन. १८० रुपये. ते मात्र मी दिले.